टक्कर, पोच आणि पुन्हा पाठवणी

आजकाल लहानात लहान दुकानाच्या गल्ल्यावरही क्यूआर कोडची पाटी असते. बिल संगणकावर निघते, मालाची ऑर्डर फोनवर येते आणि रकमेचा मोठा भाग नोटांऐवजी जाळ्यातून ये-जा करतो. सगळे सुरळीत चालले असताना या जाळ्याची कुणाला आठवणही होत नाही. पण कधी गिऱ्हाईक म्हणते, "माझे पैसे कापले गेले," आणि दुकानदाराच्या फोनवर किंवा आवाज देणाऱ्या पेटीवर काहीच येत नाही. दुकानात गर्दी असते, दोघेही घाईत असतात. गिऱ्हाईक पुन्हा पाटी स्कॅन करते, पुन्हा रक्कम टाकते. कधी काम होते, आणि कधी एकाच मालाचे पैसे दोनदा जातात. मग वाद, हेलपाटे आणि मनस्ताप.

निरोप पाठवला, उत्तर आले नाही, आता काय करावे? हा प्रश्न संगणक जोडणाऱ्या लोकांना ५० वर्षांपूर्वीच पडला होता. त्यांनी त्यावर जे नियम बसवले, त्यांच्या जोरावर आजचे सारे जाळे उभे आहे. हे नियम समजायला इंजिनीअर असण्याची गरज नाही. ज्याने मालाच्या गाठी बांधल्या, बिल्टी केली आणि पोचपावतीची वाट पाहिली, त्याला ते लवकर कळतील. म्हणून आज हा विषय मुळापासून पाहू.

निरोप गाठी बांधून जातो

पहिली गोष्ट ही की संगणक मोठा मजकूर एका दमात पाठवत नाही. तो त्याचे लहान तुकडे करतो. या तुकड्यांना पॅकेट म्हणतात. कापडाचा मोठा सौदा जसा अनेक गाठींत बांधून रवाना होतो, तसेच हे आहे. प्रत्येक गाठीवर पाठवणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे नाव असते, तसे प्रत्येक पॅकेटवर दोन्ही पत्ते असतात. ऑफिसातल्या तारेच्या जाळ्यात अशा एका गाठीचा नेहमीचा जास्तीत जास्त आकार १५१८ बाइट, म्हणजे साधारण दीड हजार अक्षरांइतका ठरलेला आहे.

गाठीच्या शेवटी ४ बाइटचा एक ताळा असतो. पाठवणारे यंत्र आतल्या मजकुराचा ठरावीक गणिताने हिशेब करते आणि उत्तर शेवटी लिहून ठेवते. घेणारे यंत्र तोच हिशेब पुन्हा करते. दोन्ही उत्तरे जुळली तर माल शाबूत. नाही जुळली तर वाटेत काही बिघडले असे समजून ती गाठ तिथेच फेकून दिली जाते. चलनावर ठाणांची संख्या आणि मीटरची बेरीज लिहिलेली असते व माल उतरवताना आपण ती ताडून पाहतो, त्यातलाच हा प्रकार.

लहान गाठींचा फायदा उघड आहे. एक गाठ खराब झाली तर तेवढीच पुन्हा मागवायची, सबंध सौदा परत पाठवायचा नाही. मात्र कोणती गाठ गेली हे कळायला हवे, आणि पुन्हा कधी पाठवायची हेही ठरायला हवे. बाकी सारी गोष्ट या दोन मुद्द्यांभोवती फिरते.

हवाई बेटांवरची सुरुवात

पॅसिफिक महासागरात अमेरिकेचे हवाई नावाचे राज्य आहे. ते अनेक बेटांचे मिळून बनले आहे. तेथील विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन नावाचे प्राध्यापक होते. दूरच्या टर्मिनलांवरून विद्यापीठातील मुख्य संगणक वापरता यावा अशी त्यांची योजना होती. टेलिफोनच्या तारा या कामाला महाग पडत आणि नीट जमतही नसत. म्हणून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी रेडिओच्या लहरींवरून मजकूर पाठवण्याची तजवीज केली. हे जाळे १९७१ साली सुरू झाले. त्याचे नाव 'अलोहा'.

अडचण अशी की सर्व टर्मिनलांना मुख्य संगणकाकडे बोलण्यासाठी रेडिओची एकच वाहिनी होती. दोघांनी एकाच वेळी मजकूर सोडला तर दोन्ही लहरी एकमेकींत मिसळत आणि कुणाचाच मजकूर वाचता येत नसे. यालाच टक्कर म्हणतात. टक्कर टाळायची तर प्रत्येकाला पाळी ठरवून देणे हा एक मार्ग होता. पण टर्मिनलवर बसलेला माणूस बराच वेळ काही पाठवत नाही आणि मग एकदम पाठवतो. अशा माणसासाठी वेळ राखून ठेवला तर बहुतेक वेळ वाया जातो.

अब्रॅमसन यांनी वेगळा मार्ग धरला. ज्याच्याजवळ मजकूर तयार असेल त्याने तो सरळ पाठवावा, कुणाची परवानगी घेऊ नये. एका पॅकेटमध्ये जास्तीत जास्त ८० अक्षरे असत. मुख्य संगणकाला पॅकेट नीट मिळाले की तो दुसऱ्या वाहिनीवरून पोच देई. ठरावीक वेळात पोच आली नाही तर पाठवणाऱ्याने समजायचे की टक्कर झाली असावी, आणि पुन्हा पाठवायचे.

यात खरी अक्कल एका बारीक गोष्टीत आहे. टक्कर झालेल्या दोघांनी सारखाच वेळ थांबून पुन्हा पाठवले तर पुन्हा टक्कर होणार, आणि हे कधीच संपणार नाही. अरुंद गल्लीत समोरासमोर आलेली दोन माणसे एकाच वेळी डावीकडे सरकतात, मग एकाच वेळी उजवीकडे, तसे होईल. म्हणून प्रत्येकाने किती थांबायचे हे नशिबावर सोडले. प्रत्येक यंत्र आपल्यापुरती चिठ्ठी काढते आणि त्यावर जो आकडा निघेल तेवढे थांबते. दोघांचे आकडे बहुधा वेगळे निघतात आणि वाट मोकळी होते.

या पद्धतीला मर्यादाही होती. हिशेब केल्यावर दिसले की वाहिनीच्या एकूण वेळेपैकी फार तर १८ टक्के वेळ कामी लागतो. त्याहून जास्त मजकूर आला की टकरा वाढतात, टकरांमुळे पुन्हा पाठवणी वाढते, आणि प्रत्यक्ष पोचणारा माल उलट घटतो. १९७२ साली लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी सुधारणा सुचवली. वेळेचे सारखे कप्पे पाडायचे आणि प्रत्येकाने कप्प्याच्या सुरुवातीलाच पाठवायचे. त्यामुळे अर्धवट धडका बंद झाल्या आणि कामी लागणारा वेळ दुप्पट होऊन जवळजवळ ३७ टक्क्यांपर्यंत गेला. नुसत्या शिस्तीने वाहिनी न वाढवता क्षमता दुप्पट झाली.

एक तार, अनेक बोलणारे

अब्रॅमसन यांच्या लेखनाचा अभ्यास करणाऱ्यांत रॉबर्ट मेटकाफ नावाचा तरुण होता. तो कॅलिफोर्नियात झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात काम करत होता. एकाच इमारतीतले अनेक संगणक एका तारेवर जोडायचे होते. २२ मे १९७३ रोजी त्याने या योजनेचे टिपण लिहिले. डेव्हिड बॉग्ज या सहकाऱ्यासोबत त्याने ते जाळे उभे केले. तेच 'इथरनेट'. या दोघांचा त्यावरील प्रसिद्ध लेख १९७६ साली छापून आला.

अलोहामध्ये बोलण्यापूर्वी ऐकण्याची पद्धत नव्हती. इथरनेटने तीन रिवाज घातले. एक, बोलण्यापूर्वी तार ऐका. दुसरा कुणी बोलत असेल तर थांबा. दोन, बोलत असतानाही ऐकत राहा. तीन, टक्कर झाल्याचे कळताच बोलणे तोडा, सर्वांना कळावे म्हणून क्षणभर गोंगाटाची खूण करा, आणि मग चिठ्ठी काढून थांबा.

कुणी विचारेल, आधी ऐकून घेतले तर टक्कर होईलच कशी? याचे कारण अंतर. विजेचा संकेत फार वेगवान असला तरी तारेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला त्याला थोडा वेळ लागतोच. एका टोकाच्या संगणकाने बोलायला सुरुवात केली आणि तो संकेत दुसऱ्या टोकाला पोचण्याच्या आत तिथल्या संगणकाने तार ऐकली, तर त्याला ती मोकळीच वाटणार. तोही बोलू लागणार, आणि मध्ये कुठेतरी दोघांची टक्कर होणार.

यातून आणखी एक नियम निघाला. टक्कर झाल्याची खबर परत येईपर्यंत पाठवणारा बोलत असला पाहिजे. तो आधीच गप्प झाला तर आपले पॅकेट पोचले असे समजून निघून जाईल, आणि नुकसान कुणालाच कळणार नाही. म्हणून १९८० साली ठरलेल्या १० मेगाबिट वेगाच्या इथरनेटमध्ये पॅकेट किमान ६४ बाइटचे असावे अशी अट घातली गेली. ६४ बाइट पाठवायला ५१.२ मायक्रोसेकंद लागतात. परवानगी असलेल्या सर्वांत लांब जाळ्यात संकेत टोकापर्यंत जाऊन परत येण्याचा वेळ या मर्यादेत बसवला होता. मजकूर कमी असेल तर कोरी भर घालून पॅकेट ६४ बाइटचे करतात. जाळे किती लांब असावे आणि गाठ किती लहान असावी, हे दोन हिशेब असे एकमेकांत बांधलेले आहेत.

थांबायचे किती?

इथरनेटची चिठ्ठी काढण्याची रीत शहाणपणाची आहे. पहिल्या टकरीनंतर चिठ्ठीवर दोनच आकडे असतात, ० आणि १. शून्य निघाले तर तार मोकळी होताच पाठवा. एक निघाले तर ५१.२ मायक्रोसेकंदांचा एक कप्पा थांबा. दोन यंत्रांमध्ये भांडण असेल तर निम्म्या वेळा तिथेच फैसला होतो. दुसरी टक्कर झाली तर ० ते ३ असे चार आकडे, तिसरीनंतर ० ते ७ असे आठ. याप्रमाणे प्रत्येक टकरीनंतर आकडे दुप्पट होतात. दहाव्या टकरीनंतर ० ते १०२३ पर्यंत जाऊन वाढ थांबते. सोळा वेळा प्रयत्न करूनही जमले नाही, तर यंत्र तो नाद सोडते आणि वरच्या कार्यक्रमाला कळवते की माल गेला नाही.

यामागचा विचार पाहा. तारेवर किती जण बोलू पाहत आहेत हे कुठल्याही एका यंत्राला माहीत नसते. त्याला विचारायला कुणी मुकादमही नसतो. पण एकामागून एक टकरा होत आहेत यावरून त्याला अंदाज येतो की गर्दी फार आहे. मग तो आपली वाट पाहण्याची तयारी वाढवतो. गर्दी कमी असेल तर सर्वांचे काम पटकन होते. गर्दी वाढली तर सर्व जण आपोआप मागे सरतात. अडचण वाढली की जोर वाढवायचा नाही, तर दम धरायचा, हा या जाळ्याचा पाया आहे.

ही रीत अगदी निर्दोष नव्हती. ज्याचे पॅकेट आताच पोचले त्याची मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते, आणि जो हरला त्याच्या चिठ्ठीवर आकडे जास्त असतात. त्यामुळे जिंकणाराच थोडा वेळ पुन्हा पुन्हा जिंकू शकतो. पाळीची सक्त व्यवस्था असलेली जाळीही त्या काळात होती. १९८५ साली आयबीएमने बाजारात आणलेल्या टोकन रिंगमध्ये एक परवाना यंत्रायंत्रांतून फिरे आणि ज्याच्या हाती परवाना त्यानेच बोलायचे. तिथे टक्कर नव्हती. पण इथरनेट स्वस्त आणि बसवायला सोपे पडले, म्हणून बाजार त्याच्याकडे गेला.

तारेतली टक्कर कशी संपली

सगळ्यांनी एकच तार वापरायची, हे टकरीचे मूळ होते. पुढे प्रत्येक संगणकाला स्वतंत्र तार देऊन त्या सर्व तारा एका पेटीत आणण्याची पद्धत आली. पहिल्या पेट्या 'हब' म्हणून ओळखल्या जात. हब एका तारेवर आलेला मजकूर सरसकट सर्व तारांवर सोडतो, म्हणून टकरी तशाच राहिल्या. १९९० साली कॅलिफोर्नियातील एका कंपनीने इथरनेटची स्विच बाजारात आणली. त्या कंपनीचे नाव 'कल्पना'. हे नाव आपल्याकडचेच, कारण तिच्या संस्थापकांत विनोद भारद्वाज होते. १९९४ साली सिस्को कंपनीने ती विकत घेतली.

स्विच पॅकेटवरचा पत्ता वाचते आणि ज्याचा माल त्याच्याच तारेवर टाकते. दोन पॅकेटे एकाच ठिकाणी जायची असतील तर एकाला रांगेत उभे करते. त्यानंतर १९९७ साली तारेवर दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बोलण्याची सोय नियमात आली. जाण्याची वाट वेगळी, येण्याची वाट वेगळी. मग टक्कर व्हायला जागाच राहिली नाही. २००२ साली ठरलेल्या १० गिगाबिट इथरनेटमध्ये तर टकरीचे नियम ठेवलेलेच नाहीत. ज्या दुकानात किंवा कारखान्यात आज स्विच आणि नीट तार आहे, तिथे तारेतली टक्कर इतिहासजमा झाली आहे.

पण म्हणून माल हरवणे थांबले असे नाही. टकरीची जागा रांगेने घेतली. रांग ठेवायलाही जागा लागते आणि ती मर्यादित असते. गोदाम भरले की पुढचा ट्रक परत जातो, तशी रांग भरली की पुढचे पॅकेट टाकून दिले जाते, आणि बहुतेक वेळा पाठवणाऱ्याला तसे कळवलेही जात नाही.

हरवले की उशीर झाला?

या हरवलेल्या मालाची काळजी घेणारा कारभारी वेगळा आहे. त्याचे नाव टीसीपी. त्याचा आराखडा व्हिंट सर्फ आणि बॉब काह्न यांनी १९७४ साली मांडला. त्याचे काम असे चालते. पाठवायच्या मजकुराला सलग क्रमांक दिले जातात. घेणारा प्रत्येक वेळी सांगतो की अमुक क्रमांकापर्यंत सर्व मिळाले, आता पुढचे पाठव. ठरावीक वेळात अशी पोच आली नाही तर पाठवणारा तोच मजकूर त्याच क्रमांकाने पुन्हा पाठवतो. मधली एक गाठ गहाळ होऊन पुढच्या पोचल्या, तर घेणारा तीच जुनी पोच पुन्हा पुन्हा देतो. अशा तीन जादा पोचा आल्या की पाठवणारा घड्याळाची वाट न पाहता गहाळ गाठ लगेच पाठवून देतो.

इथे घड्याळ किती वेळेचे लावायचे हा नाजूक मामला आहे. फार लांबवले तर काम रेंगाळते. फार घाई केली तर जो माल हरवलेलाच नाही, फक्त वाटेत अडकला आहे, तोही पुन्हा पाठवला जातो.

याचा मोठा दाखला १९८६ साली मिळाला. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि बर्कले येथील विद्यापीठ यांच्यामधला वेग सेकंदाला ३२,००० बिटवरून ४० बिटवर आला. दोन्ही ठिकाणांत अंतर होते ४०० यार्ड. कुठली तार तुटली नव्हती. झाले असे की गर्दीमुळे पोच यायला उशीर होई. उशीर झाला की यंत्रे समजत माल हरवला, आणि पुन्हा पाठवत. त्याने गर्दी आणखी वाढे आणि पोच आणखी उशिरा येई. तारा भरून वाहत होत्या, पण त्यात नवा माल जवळजवळ नव्हता. त्याच त्या गाठींच्या नकला फिरत होत्या.

प्रयोगशाळेतील व्हॅन जेकबसन यांनी माइक कॅरेल्स यांच्या सोबतीने याचा छडा लावला आणि १९८८ साली उपाय छापून प्रसिद्ध केले. पोच येण्याचा वेळ सरासरीने मोजावा आणि तो किती खालीवर होतो हेही मोजावे, मग घड्याळ लावावे. सुरुवात थोड्या गाठींनी करावी आणि पोच येत जाईल तशा गाठी वाढवाव्यात. माल हरवला तर त्याचा अर्थ रस्त्यावर गर्दी आहे असा घ्यावा आणि पाठवणी कमी करावी. दुसऱ्यांदा उत्तर आले नाही तर घड्याळ दुप्पट करावे. नवी गाठ जाळ्यात तेव्हाच घालावी जेव्हा एक जुनी बाहेर पडेल. तारा बदलाव्या लागल्या नाहीत, वागणूक बदलली आणि जाळे सावरले. त्यानंतर जाळे लाखो पटींनी वाढले तरी हेच तत्त्व टिकून आहे.

हवेत टक्कर अजून आहे

तारेतली टक्कर गेली, पण दुकानातील वायफाय हवेतून चालतो आणि हवा सर्वांची एक आहे. वायफायचा पहिला नियम १९९७ साली ठरला. हवेत एक अडचण तारेपेक्षा मोठी आहे. बोलणाऱ्या यंत्राला आपलाच आवाज इतका जोरात येतो की दुसऱ्याशी टक्कर झाली हे त्याला ऐकूच येत नाही. म्हणून वायफायमध्ये टक्कर ओळखण्याऐवजी टाळण्यावर भर आहे. हवा मोकळी वाटली तरी यंत्र लगेच तुटून पडत नाही, आधी चिठ्ठी काढून थोडे थांबते. एकाला पाठवलेले पॅकेट मिळाले की घेणारा तत्काळ पोच देतो. पोच नाही आली तर पाठवणारा थांबण्याची मुदत वाढवून पुन्हा पाठवतो.

दुसरी अडचण आडपडद्याची. राउटर मध्ये आहे, एक फोन पुढच्या दालनात आणि एक मागच्या गोदामात. दोघांनाही राउटर ऐकू येतो, पण भिंतींमुळे एकमेकांचा आवाज येत नाही. दोघेही हवा मोकळी समजून बोलतात आणि राउटरजवळ टक्कर होते. यावर एक उपाय नियमातच आहे. मोठे पॅकेट पाठवण्यापूर्वी यंत्र राउटरकडे छोटी परवानगी मागते. राउटर ती देतो, आणि राउटरचा आवाज सर्वांना येत असल्याने बाकीचे तेवढा वेळ गप्प राहतात. २०२१ साली मंजूर झालेल्या वायफाय ६ च्या नियमात तर राउटरला एकाच वेळी अनेक यंत्रांना आपापला वाटा नेमून देण्याची सोय झाली आहे.

बाजारपेठेत भिंतीला भिंत लागून दुकाने असतात आणि प्रत्येकात राउटर असतो. अशा ठिकाणी फोनवर रेंजच्या सगळ्या रेघा भरलेल्या दिसतात, तरी काम मंद चालते. दोष दर वेळी कंपनीच्या लाइनचा असतो असे नाही. हवेतच पाळी मिळत नसते. अशा वेळी जास्त वेगाची योजना घेऊन फायदा होत नाही.

पैशांच्या व्यवहारात याचा अर्थ काय

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. पोच आली नाही याचे दोन अर्थ होऊ शकतात. एक, निरोप पोचलाच नाही. दोन, निरोप पोचला, काम झाले, पण पोच वाटेत हरवली. पाठवणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात. पोचेची पोच मागितली तरी भागत नाही, कारण तीही हरवू शकते. कितीही पावत्या केल्या तरी शेवटची पावती पोचली की नाही ही शंका उरतेच. हा यंत्रांचा दोष नाही. बेभरवशाच्या वाटेने निरोप पाठवणाऱ्या कुणालाही ही शंका चुकत नाही.

यंत्रांनी यावर तोडगा काढला तो क्रमांकाचा. टीसीपी तोच मजकूर दहा वेळा पाठवील, पण क्रमांक तोच ठेवील. घेणारा क्रमांक पाहतो, हा आधीच मिळाला आहे हे ओळखतो, नक्कल फेकून देतो आणि पुन्हा पोच देतो. त्यामुळे पुन्हा पाठवण्यात धोका राहत नाही. एकाच नंबरची बिल्टी दोनदा समोर आली तर आपण माल दोनदा जमा करत नाही, तसेच हे.

यूपीआयमध्येही प्रत्येक व्यवहाराला स्वतःचा क्रमांक मिळतो. बँकांची यंत्रे त्याच क्रमांकावरून मागे काय झाले याची चौकशी करतात. पण गिऱ्हाईकाने पाटी पुन्हा स्कॅन करून रक्कम पुन्हा टाकली, की तो नव्या क्रमांकाचा नवा व्यवहार झाला. यंत्राच्या दृष्टीने ती नक्कल नाही, दुसरी खरेदी आहे. यंत्र नकला ओळखू शकते, माणसाच्या मनातला हेतू ओळखू शकत नाही. पैसे दोनदा जातात ते इथे.

रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात अशा फसलेल्या व्यवहारांची मुदत ठरवून दिली. यूपीआयने एकाच्या खात्यातून पैसे कापले गेले आणि ज्याला पाठवले त्याच्या खात्यात जमा झाले नाहीत, तर व्यवहाराच्या दिवसानंतर १ दिवसाच्या आत ते आपोआप परत व्हावेत. दुकानदाराला केलेल्या भरण्यात पैसे कापले गेले, पण दुकानाकडे खात्री आली नाही, तर ही मुदत ५ दिवसांची. मुदत उलटल्यास दररोज १०० रुपये भरपाई.

दुकानदारांनी काय करावे

वरील सर्व गोष्टींतून रोजच्या कामाला उपयोगी असे काही मुद्दे निघतात.

१) व्यवहार अडकलेला दिसला तर लगेच दुसरा भरणा घेऊ नये. आधी गिऱ्हाईकाच्या फोनवर त्या व्यवहाराची स्थिती पाहावी. 'फसला' आणि 'प्रलंबित' यांत फरक आहे. प्रलंबित म्हणजे अजून फैसला झालेला नाही. अशा वेळी शक्य तर दोन-चार मिनिटे थांबावे.

२) पैसे आले की नाही हे गिऱ्हाईकाच्या पडद्यावरून ठरवू नये. आपल्या खात्यात जमा दिसली तरच ती आपली पोच.

३) गिऱ्हाईकाला जायची घाई असेल आणि रोख किंवा दुसरा भरणा घ्यावाच लागला, तर अडकलेल्या व्यवहाराचा क्रमांक, वेळ व रक्कम बिलावर लिहून ठेवावी. पहिली रक्कम मागाहून जमा झाली तर कुणाला परत करायची याचा वाद राहणार नाही.

४) बिलाचा संगणक व छपाईयंत्र यांसारखी जागेवरून न हलणारी यंत्रे शक्यतो तारेने जोडावीत. हवा फोनसाठी मोकळी राहते.

५) राउटर दुकानाच्या मध्यभागी, उंच व उघड्या जागी असावा. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १, ६ आणि ११ या वाहिन्या एकमेकींवर चढत नाहीत. शेजाऱ्यांशी बोलून त्या वाटून घेतल्या तर सर्वांचाच फायदा होतो. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात वाहिन्या जास्त आहेत, मात्र तो भिंतींपलीकडे कमी पोचतो.

६) कारखान्यात किंवा गोदामात जुना हब अजून लावलेला असेल तर तो काढून स्विच बसवावी.

७) पान उघडत नाही म्हणून एकच बटण वारंवार दाबू नये. प्रत्येक दाबणे ही नवी मागणी असते आणि तीही त्याच गर्दीत उभी राहते.

८) फोनवरून किंवा संदेशाने येणाऱ्या प्रत्येक ऑर्डरला क्रमांक देण्याची सवय लावावी. पार्टीने तोच संदेश दोनदा पाठवला तर तो एकच सौदा आहे की दोन, हे क्रमांकावरून कळते. माल दोनदा रवाना होण्याचे नुकसान टळते.

जाळ्याची वाट कधीच पूर्ण भरवशाची नव्हती आणि आजही नाही. तरी तिच्यावरून कोट्यवधींचे व्यवहार होतात, ते नियमांच्या जोरावर. बोलण्यापूर्वी ऐकावे, टक्कर झाली की मागे सरावे, गर्दी वाढली की दम धरावा, प्रत्येक गाठीवर क्रमांक टाकावा आणि पोच आल्याशिवाय हिशेब बंद करू नये. यंत्रे आपल्याकडचे काम या नियमांनी करतात. गल्ल्यावर बसलेल्या माणसाने शेवटचे दोन नियम तेवढे पाळले, तरी दोनदा गेलेल्या पैशांचे बरेच वाद दुकानाच्या उंबऱ्याबाहेरच राहतील.